माशाच्या अंगावरचे बिऱ्हाड

तृतीय वर्ष कला (भूगोल)

'बांडगूळ' हा शब्द आपण माणसांच्या बाबतीत फार सढळ हाताने वापरतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, आयते खाणारा तो बांडगूळ, असा त्यात तुच्छतेचा सूर असतो. पाश्चात्त्य भाषांतही हेच झाले आहे. 'पॅरासाइट' हा शब्द मूळचा ग्रीक. दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा असा त्याचा अर्थ. ग्रीक आणि रोमन सुखात्मिकांत हा भोजनभाऊ एक ठरीव पात्र म्हणून येतो. जेवणाच्या वेळेला श्रीमंताच्या दारी हजर व्हावे, यजमानाची तोंड फाटेस्तोवर स्तुती करावी आणि पोट भरून घ्यावे, एवढेच त्याचे काम. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या 'कॅप्टिवी' या नाटकातील अशा पात्राचे नाव एर्गॅसिलस असे आहे. पुढे १८३२ साली आलेक्झांडर फॉन नॉर्डमान या शास्त्रज्ञाने माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याचे नामकरण केले, तेव्हा त्यानेही 'एर्गॅसिलस' हेच नाव वापरले. वाङ्मय आणि प्राणिशास्त्र यांची अशी गाठ क्वचितच पडते.

माशांच्या अंगावर बिऱ्हाड करून राहणाऱ्या अशा प्राण्यांविषयी हा लेख आहे. मी भूगोलाची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. परंतु आमच्या घरी मासेमारी हा पिढीजात धंदा आहे, आणि १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाल्यापासून आमचे पोट त्या फुगवट्याच्या पाण्यावर चालते. थंडी सरून ऊन चढू लागले, पाणी मागे हटू लागले, की जाळ्यात येणाऱ्या कटला-सायप्रिनसांपैकी एखाद-दुसऱ्याच्या अंगावर, पराच्या बुडाशी, बारीक दोरा टोचून ठेवावा तसे काही लोंबताना दिसते. भोवतालची कातडी लालसर, सुजलेली असते. एखाद्या माशावर मसुराच्या डाळीएवढे चपटे, काचेसारखे पारदर्शक किडे सरकताना दिसतात. बाजारात गिऱ्हाईक पाटीत वाकून पाहते, "मावशी, हा किड्याचा दिसतोय, नको," म्हणते आणि पुढे जाते. तो मासा मग निम्म्या भावाने जातो, नाहीतर संध्याकाळी पाटीतून घरी परत येतो. एका पाटीत असा मासा दिसला की शेजारच्या चार पाट्यांकडेही लोक संशयाने पाहतात. कोणी म्हणते पाणीच सडले, कोणी म्हणते कारखान्याच्या मळीने किडे पडले, कोणी म्हणते असा मासा खाल्ला तर आपल्याही पोटात किडे होतील.

तेव्हा प्रश्न तीन आहेत. हा किडा कोण? तो येतो कोठून? आणि तो आलाच, तर माणसाने काय करावे? या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडील आणि परदेशांतील अभ्यासकांनी बरीचशी शोधून ठेवली आहेत. ती बाजारापर्यंत पोचलेली नाहीत, इतकेच.

किडा नव्हे, कोळंबीचा भाऊबंद

दोऱ्यासारखा लोंबणारा जो प्राणी वर सांगितला त्याचे शास्त्रीय नाव लर्निया. इंग्रजीत त्याला 'अँकर वर्म', म्हणजे नांगर-कृमी, असे म्हणतात. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जातीला, लर्निया सायप्रिनेशियाला, हे नाव दिले ते लिनियसने, १७५८ साली. लर्ना ही ग्रीस देशातील एक दलदलीची जागा; हर्क्युलिसने मारलेला अनेक तोंडांचा हायड्रा तेथे राहत असे, अशी दंतकथा आहे. लिनियसने लर्नियाची गणना कृमींत केली, आणि त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पूर्ण वाढलेल्या लर्नियाला ना नजरेत भरतील असे पाय, ना अंगाचे खंड, ना कवच. काडीसारखे लांबट शरीर, शेवटी अंड्यांच्या दोन लांबट थैल्या, आणि डोके माशाच्या मांसात रुतलेले. याला कृमी म्हणू नये तर काय म्हणावे?

हे कोडे उलगडले ते पिलांमुळे. एकोणिसाव्या शतकात नॉर्डमान आणि इतर अभ्यासकांनी माशांवरील अशा विचित्र प्राण्यांची अंडी भिंगाखाली उबताना पाहिली. अंड्यातून बाहेर पडले ते कृमीचे पिलू नव्हतेच. पायांच्या तीन जोड्या, कपाळावर एकच डोळा आणि पाण्यात झटके देत पोहण्याची रीत. समुद्रातील कोळंबीचे पिलूही अंड्यातून याच रूपात बाहेर पडते. मोठेपणी ओळख पुसली गेलेल्या माणसाचे कूळ त्याच्या लहानपणीच्या चेहऱ्यावरून कळावे, तसेच हे झाले. खेकडे, कोळंबी, झिंगे ज्या कवचधारी वर्गात मोडतात, ज्याला शास्त्रज्ञ क्रस्टेशिया म्हणतात, त्याच वर्गात लर्निया जाऊन बसला.

या वर्गात कोपेपॉड नावाचा एक प्रचंड मोठा गट आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'वल्ह्यासारख्या पायांचा'. यातील बहुतेक प्राणी टाचणीच्या डोक्यापेक्षा फार मोठे नसतात आणि कोणाच्याही वाटेला न जाता पाण्यात तरंगत जगतात. विहिरी-तळ्यांत आढळणारा सायक्लॉप्स हा त्यांपैकीच एक, आणि लर्नियाचा अगदी जवळचा नातलग. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला सायक्लॉप्स ठाऊक नसला तरी नारू ठाऊक होता. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यातून हा सायक्लॉप्स पोटात गेला की त्याच्या अंगातील नारूची पिले माणसाच्या शरीरात वाढत. पाणी फडक्यातून गाळून पिणे, विहिरींना कठडे बांधून लोकांना पाण्यात उतरू न देणे, अशा साध्या उपायांनी हा रोग हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. औषधाने नव्हे, तर वाट अडवल्याने हा शत्रू गेला. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

लर्नियाची जन्मकथा

लर्नियाचे पिलू अंड्यातून निघते तेव्हा ते निरुपद्रवी असते. काही दिवस ते पाण्यात मोकळे फिरते, कात टाकते. मग त्याला मासा गाठावाच लागतो. मासा मिळाला नाही तर ते मरते. मासा मिळाला की बहुधा कल्ल्यांच्या आसऱ्याने ते राहते आणि आणखी काही वेळा कात टाकून वयात येते. येथपर्यंत नर आणि मादी दोघेही सायक्लॉप्ससारखेच दिसतात. त्यांचे मीलन होते आणि नराची भूमिका तेथेच संपते. तो मरून जातो. मादी मात्र माशाच्या अंगावर सोयीची जागा शोधते, कातडी भेदून डोके आत खुपसते, आणि मग तिच्यात असा काही पालट होतो की पूर्वीची ओळखच उरू नये. डोक्यापासून मऊ फांद्यांसारखी शिंगे फुटतात आणि मांसात नांगरासारखी रुतून बसतात. बाहेरचे शरीर लांबत जाऊन सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा दोरा बनते. पोहण्याचे पाय असून नसल्यासारखे होतात. आपल्याला बाजारात दिसतो तो हा दोरा. म्हणजे आपण पाहतो ती प्रत्येक लर्निया ही मादी असते, आणि तिचा बहुतेक प्रवास संपलेला असतो.

या मादीच्या दोन थैल्यांत शेकडो अंडी असतात, आणि एक खेप संपली की दुसरी सुरू होते. सगळ्या घडामोडीची किल्ली पाण्याच्या उष्णतेत आहे. पाणी पंचवीस ते तीस अंश सेल्सियस असले की अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरे होते. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेले की पिलांची वाढ जवळजवळ थांबते. थंड प्रदेशात ही मादी माशाच्या अंगावर हिवाळा कसाबसा काढते आणि पाणी तापण्याची वाट पाहते. आपल्याकडे तिला फार थांबावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे मासे जास्त का दिसू लागतात, याचे उत्तर येथे आहे.

माशाला याचा त्रास किती होतो? मोठ्या माशाला एक-दोन लर्निया म्हणजे पायात रुतलेला काटा. खुपतो, पण जीव जात नाही. खरी भीती जखमेची असते. नांगर रुतला तेथे कातडी फाटते आणि त्या फटीतून जीवाणू व बुरशी आत शिरतात. लहान लाल ठिपक्याचा मोठा व्रण होतो. बोटाएवढ्या पिलाच्या बाबतीत मात्र हिशेब निराळा. त्याच्या शरीराच्या मानाने नांगर फार मोठा असतो. तो आतल्या इंद्रियांपर्यंत पोचू शकतो, आणि एकच लर्नियाही त्याला पुरेशी होते.

माशाची ऊ

चपटा, काचेसारखा जो दुसरा पाहुणा सांगितला तो अर्ग्युलस. त्याला 'माशाची ऊ' म्हणतात. लर्निया एका जागी रुतून बसते, तर हा हिंडता-फिरता. त्याच्या जबड्याच्या एका जोडीच्या दोन गोल चकत्या झालेल्या असतात. त्या चकत्यांनी तो माशाच्या बुळबुळीत अंगालाही घट्ट चिकटतो; जागा बदलायची झाली तर एक चकती सोडतो, दुसरी टेकतो आणि चालल्यासारखा सरकतो. तोंडापुढे सुईसारखा काटा असतो. तो टोचून तो माशाचे रक्त आणि रस पितो. नर-मादी दोघेही हेच करतात. मन मानेल तेव्हा हा मासा सोडून दुसऱ्या माशाकडे पोहत जातो, आणि जाताना पहिल्याचा रोग दुसऱ्याला पोचवू शकतो. ज्याच्या अंगावर अशा उवा झाल्या तो मासा दगडाला, काठाला अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या घेतो. जुनी माणसे अशा उड्यांना मासा 'पिसाळला' म्हणतात.

अर्ग्युलसची मादी अंडी अंगावर बाळगत नाही. ती मासा सोडून जाते आणि पाण्यातील दगड, लाकूड, काठ्या अशा टणक वस्तूंवर अंड्यांच्या ओळी चिकटवते. ही सवय तिला नडते. ती कशी, ते पुढे पाहू. या प्राण्याच्या कुळाविषयी एक चमत्कारिक गोष्ट मात्र येथेच सांगतो. साप-सुसरींच्या फुप्फुसांत राहणारे जीभ-कृमी नावाचे प्राणी कोणत्या वर्गातले, हा वाद फार जुना. १९७२ साली विंगस्ट्रँड या शास्त्रज्ञाने त्यांच्या शुक्रपेशींची रचना अर्ग्युलसच्या शुक्रपेशींशी जुळते असे दाखवले. १९८९ साली रेण्वीय तपासणीनेही तोच निष्कर्ष निघाला. माशाची ऊ आणि सापाच्या छातीतला कृमी हे चुलत भाऊ ठरले.

हे बिऱ्हाड किती जुने असेल? ब्राझीलमध्ये सापडलेल्या एका माशाच्या अश्मीभूत कल्ल्यांवर बसलेले कोपेपॉड १९७३ साली उजेडात आले. तो मासा सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण लाव्हारसातून थिजला, त्याच्याही आधीपासून माशांच्या अंगावर ही मंडळी नांदत आहेत. त्या अश्मीभूत प्राण्याला पुढे काबाटारिना असे नाव देण्यात आले, ते झ्बिग्निएव्ह काबाटा यांच्या गौरवार्थ. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत सैन्यातून लढलेल्या या माणसाने नंतरचे सारे आयुष्य माशांवरील कोपेपॉडांच्या अभ्यासाला वाहिले.

नदीचा तोल

इतक्या कोटी वर्षांचा शेजार असूनही मासे नष्ट झाले नाहीत. वाहत्या नदीत या प्राण्यांना आपोआप आळा बसतो. पिलांना मासा शोधण्यासाठी थोडकेच दिवस मिळतात आणि प्रवाह त्यांना वाहून नेतो. नदीत मासे विखुरलेले असतात. एकाच्या अंगावरून निघालेल्या पिलाला दुसरा सापडेलच असे नाही. शिवाय परोपजीवी कधी सर्व माशांत सारखे वाटलेले नसतात. बहुतेक माशांवर एकही नसतो किंवा एखाद-दुसरा असतो, आणि मोजक्या दुबळ्या माशांवर त्यांची गर्दी असते. जगभर जेथे जेथे मोजणी झाली तेथे तेथे बहुधा हाच नमुना दिसतो. म्हणून पाटीतील एका माशावर पाच लर्निया दिसल्या, तर सगळा जलाशय किडला असे अनुमान काढणे चुकीचे आहे.

तोल जातो तो केव्हा? वाहते पाणी साचते, साचलेले तापते, आटून डोहाएवढे उरते आणि त्यात मासे दाटीवाटीने कोंडले जातात, तेव्हा. प्रवाह नाही, ऊब भरपूर आणि यजमान हाताशी! तीन आठवड्यांच्या चक्राला मग काहीच अडत नाही. तोल जाण्याचे दुसरे कारण याहून गंभीर आहे. ज्या माशांनी हा शत्रू कधी पाहिलाच नाही, त्यांच्या पाण्यात माणूस तो आणून सोडतो. या दोन्ही कारणांची भेट एकाच ठिकाणी घडल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे, आणि धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी ते समजून घेण्यासारखे आहे.

कोलोरॅडोचे उदाहरण

ग्रँड कॅन्यन या जगप्रसिद्ध दरीतून कोलोरॅडो नदी वाहते. तिच्या गढूळ, उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या पाण्यात हंपबॅक चब नावाचा, पाठीवर कुबड असलेला मासा राहतो. जगात तो कोलोरॅडोच्या खोऱ्याखेरीज कोठेही नाही. शास्त्राला त्याची ओळख पटली ती १९४६ साली. त्याआधीच त्या देशात एक मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १८७७ साली अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगाने युरोपातून कार्प मासे आणले आणि पुढे ते ठिकठिकाणी वाटले. लर्निया सायप्रिनेशिया ही जुन्या जगातली जात. कार्प आणि सोनेरी मासे यांच्या अंगावर बसूनच तिने अमेरिका गाठली असे मानतात. यजमान बदलण्याची तिला अडचण नसते. शेकडो जातींच्या माशांवर ती राहू शकते. होता होता ती चबच्या अंगावरही पोचली.

१९६३ साली दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. त्या धरणातून पाणी सोडले जाते ते खोल थरातले, थंडगार. चबची अंडी उबायला कोमट पाणी लागते. मुख्य नदी बाराही महिने गार झाल्यामुळे तो जवळजवळ एका उपनदीपुरता, कोमट पाण्याच्या लिटल कोलोरॅडोपुरता, उरला. १९६७ साली त्याचे नाव नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले.

१९९० नंतरच्या दशकात संशोधकांनी मुख्य नदीतील आणि उपनदीतील चब माशांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. कोमट उपनदीत साधारण चार माशांमागे एकाच्या अंगावर लर्निया होती. थंड मुख्य नदीत शंभरांत तीन-चारांवरच. माशांच्या आतड्यातील एक आशियाई फीतकृमीही उपनदीतच जास्त होता. हा कृमीही बाहेरूनच आलेला, आणि माशाच्या पोटात शिरण्यासाठी त्याला वाहन लागते ते सायक्लॉप्ससारख्या कोपेपॉडचेच! उपनदीतील माशांची अंगलटही मुख्य नदीतील माशांपेक्षा रोड भरली.

आता पेच पाहा. ज्या थंड पाण्याने चबची वीण बंद पाडली, तेच थंड पाणी लर्नियालाही रोखून धरीत होते. पाणी कोमट करावे तर चबची पिले वाढतील. पण नांगर-कृमीचीही वाढतील. पुढे दुष्काळामुळे धरणातील पाणी उतरले, वरचे कोमट पाणी नदीत येऊ लागले, आणि दरीच्या पश्चिम भागात चबची संख्या खरोखरच वाढली. २०२१ साली त्याला यादीत एक पायरी खाली, कमी धोक्याच्या गटात, आणण्यात आले. म्हणजे एकंदरीत उबेचा लाभ परोपजीवीपेक्षा माशाला अधिक झाला. पण एकदा आलेली लर्निया काही परत गेली नाही. पाणी किती तापू द्यावे, असा विचार करताना एका दोऱ्याएवढ्या प्राण्याचाही हिशेब धरावा लागतो. आणि तो हिशेब दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी हौसेने आणलेल्या माशांपासून सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील नद्यांचीही अशीच कथा आहे. तेथील गोड्या पाण्यातले बहुतेक मासे जगात इतरत्र कोठेही नाहीत. त्या माशांच्या अंगावर लर्निया सायप्रिनेशिया सापडल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्या नद्यांत सोनेरी मासेही आहेत. ते तेथे आपण होऊन पोहत गेले नाहीत. काचेच्या पेटीतील माशांचा कंटाळा आला की ते नदीत सोडून देणारी माणसे सगळ्या देशांत असतात.

आपल्याकडे

आपल्या देशात सगळा दोष परक्या माशांवर टाकून मोकळे होता येणार नाही. १९५१ साली मद्रासचे प्रा. ज्ञानमुथु यांनी तेथील माशांवरील लर्नियाच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या तळ्यांत सर्रास आढळणाऱ्या माशांच्या उवेचे, अर्ग्युलस सायामेन्सिसचे, नाव सयाम देशावरून पडले आहे. हे बिऱ्हाड आशिया खंडात जुनेच आहे. पण जुन्या बिऱ्हाडाला नवी वाहने मिळाली, ती विसाव्या शतकात.

आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो कार्प १९३९ साली सिलोनमार्गे निलगिरीत आला आणि १९५७ साली त्याचा दुसरा वाण बँकॉकहून आला. १९५९ साली हाँगकाँगहून गवत्या आणि जपानहून चंदेरा आला. १९५७ सालीच कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात त्यांची वीण घडवून आणली. या शोधाचे मोल फार मोठे आहे. गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू, मृगळ आज आमच्या जाळ्यात येतात, ते त्याच्याच जोरावर. धरण होताना ज्यांची नदी बदलली, त्या मासेमार कुटुंबांच्या चुली या मत्स्यबीजाने पेटत्या ठेवल्या. मात्र प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बोटुकली एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात, तेव्हा पिशवीत केवळ बोटुकलीच असतात असे नाही. कल्ल्याआड दडलेली लर्नियाची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. पिशवीच्या पाण्यातही ती असू शकतात.

मग तळ्यात उपद्रव वाढला की औषधाची आठवण होते. एके काळी मत्स्यशेतीच्या पुस्तकांत या किड्यांवर गॅमेक्सीन टाकण्याची शिफारस असे. ते ज्यातून निघते त्या बीएचसीवर भारतात १९९७ साली बंदी आली. त्यानंतर पिकांवर फवारायची इतर कीटकनाशके तळ्यांत ओतली जाऊ लागली. येथे या प्राण्यांचे कूळ लक्षात घ्यावे लागते. लर्निया आणि अर्ग्युलस हे कोळंबीचे, खेकड्याचे, सायक्लॉप्सचे भाऊबंद. जे विष यांना मारते ते त्यांनाही मारते. माशाची बारीक पिले ज्या सूक्ष्म कवचधाऱ्यांवर पोसली जातात, त्यांचाच नायनाट झाला तर औषधाने रोग गेला आणि रोगी उपाशी मेला, अशी गत. शिवाय तळ्याला एक वेळ औषध घालता येईल. नदीला आणि धरणाच्या फुगवट्याला कोण घालणार? तेच पाणी खालच्या गावात लोक पितात.

नारूचे उदाहरण मी मुद्दाम दिले ते यासाठी. येथेही वाट अडवणे हाच खरा उपाय आहे. अर्ग्युलसची मादी टणक वस्तूवर अंडी घालते, म्हणून तळ्यात लाकडी फळ्या किंवा बांबूच्या चटया उभ्या करून ठेवतात. ठरावीक दिवसांनी त्या काढून कडक उन्हात वाळवल्या की अंडी मरतात. या उपायाला विष लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. बाहेरून आणलेले मत्स्यबीज थेट मोठ्या पाण्यात न सोडता काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून तपासावे. पिशवीतील पाणी जलाशयात ओतू नये. एका तळ्यातील ओले जाळे दुसऱ्यात टाकण्यापूर्वी पूर्ण वाळवावे. घरातील शोभेचे मासे नदीत सोडून पुण्य मिळत नाही. ते कोणाला तरी द्यावेत. यातील एकही गोष्ट कठीण नाही. पण मत्स्यबीज विकणाऱ्याला घाई असते, विकत घेणाऱ्याला पैशाची चणचण असते आणि तपासणी कोणाच्याच अंगवळणी पडलेली नसते.

राहता राहिला पाटीतील माशाचा प्रश्न. लर्निया किंवा अर्ग्युलस माणसाच्या शरीरात वस्ती करू शकत नाहीत. मासा ताजा असेल, कल्ले लाल असतील, वास चांगला असेल, तर लर्निया रुतलेल्या जागेचा तुकडा कापून टाकावा आणि उरलेला मासा नेहमीसारखा नीट शिजवून खावा. दोरा नुसता ओढून काढला तर डोके आतच राहते, म्हणून तुकडा कापणेच बरे. मोठे व्रण पडलेला, मांस सैल झालेला मासा मात्र घेऊ नये. तेथे दोष लर्नियाचा नसून मागून आलेल्या जीवाणूंचा असतो. शेजारच्या पाटीतील स्वच्छ माशाला तर नाकारण्याचे काहीच कारण नाही.

किड्याचा मासा हा एक निरोप असतो. पाणी साचले आहे, तापले आहे, मासे दाटीत आहेत, किंवा कोठून तरी न तपासलेले बीज आले आहे, असे तो सांगत असतो. तो निरोप पाटी घेऊन बसलेल्या बाईसाठी नसतो. धरणाचे पाणी केव्हा व किती सोडायचे हे ठरवणाऱ्यांसाठी, मत्स्यबीजाचा ठेका देणाऱ्यांसाठी आणि जलाशयाचा लिलाव घेणाऱ्यांसाठी असतो. त्यांच्याकडे तो पोचत नाही, आणि त्याची किंमत मात्र बाजारात भाव पाडून बाईकडून वसूल होते. गिऱ्हाइकाने पुढच्या खेपेस पाटीवरून उठण्यापूर्वी, "मावशी, यंदा बीज कुठून आणलं होतं?" एवढे विचारले तरी बरेच काम होईल. हा प्रश्न पुरेशा तोंडांनी विचारला गेला, तर तो बाजारातून सोसायटीच्या बैठकीपर्यंत जाईल; आणि सोसायटीत विचारला गेला, तर बीज आणणाऱ्याला पुढच्या वर्षी टाकी बांधावीच लागेल.